नांदेडहून लातूरला, भूकंपाची घंटा घेऊन

नांदेड

दिल्लीहून निघालेल्या गाडीत मनमाडपर्यंत लोक हिंदीत भांडतात. परभणी आलं की मराठीत भांडायला लागतात, आणि पूर्णा सुटलं की एकमेकांना सामान पुढं सरकवून देतात. दाराशी उभ्या असलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "उतरून राहिल्या का तुमी?" उतरता का नव्हे, उतरून राहिल्या का. हे बोलणं कानावर पडून इतकी वर्षं झाली होती, की मी हो म्हणायचं सोडून नुसती हसले. त्यांना वाटलं असेल, बाईला ऐकायला कमी येतं.

मी एका तंत्रज्ञान कंपनीत नोकरी करते. माझ्या कार्डावर 'सार्वजनिक धोरण आणि शासकीय संबंध' असं लिहिलेलं आहे. त्याचा अर्थ घरच्यांना आजतागायत नीट समजलेला नाही. या वेळचं काम मात्र सांगायला सोपं होतं. आमच्या कंपनीनं भूकंपाचा इशारा देणारी एक सोय तयार केली आहे. खिशातल्या फोनला हादरा कळतो. एका भागातले पुष्कळ फोन एकदम हादरले, की थोडं लांब असलेल्या लोकांच्या फोनवर घंटा वाजते, हादरा तिथं पोचायच्या काही क्षण आधी. फोन मुका करून ठेवलेला असला तरी वाजते. अशी घंटा लोकांच्या फोनवर वाजवायची तर सरकारची परवानगी लागते, आणि ती मिळवणं हे माझं काम. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत घंटेची चाचणी घ्यायची होती. माझ्या वरिष्ठांची एकच अट होती: लोकांना आधी सांगायचं नाही. न सांगता वाजवली तरच खरी माणसं खरं काय करतात ते कळेल, असं त्यांचं म्हणणं. कागदावर ते मलाही पटलं होतं.

नांदेड हे माझं आजोळ. मामा राहिले नाहीत, त्यांची मुलं हैदराबादेत. पण स्टेशनाबाहेर आले आणि पाय आपोआप जुन्या रस्त्याला वळायला लागले. कामाची गाडी आली होती म्हणून थांबले. गाडीचे चालक गफूरभाई, पन्नाशीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यांनी बॅग ठेवता ठेवता पहिला प्रश्न विचारला, "कोन्या गावच्या तुमी?" दिल्लीत लोक आधी कंपनी विचारतात. इथं आधी गाव विचारतात, मग कुणाची कोण, आणि ते जुळलं तरच काम.

बैठक दुपारी होती, म्हणून सकाळी गुरुद्वाऱ्यात गेले. लहानपणी मामी आम्हा बहिणींना उन्हाळ्याच्या सुटीत इथं आणायची. लंगरच्या पंगतीत बसताना ती कानात सांगायची, "रोटी दोन्ही हातांनी घ्यायची, एका हातानं नाही." या वेळी ताट समोर आलं आणि माझे दोन्ही हात आपसूक पुढं झाले. रोटी गरम होती. डाळीला तोच जाडसर, तुपाचा वास. शेजारी पंजाबहून आलेलं एक म्हातारं जोडपं जेवत होतं. त्यातल्या आजींनी मला खीर आणखी घ्यायला लावली, अगदी मामीसारखी, नको म्हणायची सोय न ठेवता.

बैठक छान झाली. नांदेडकडच्या काही गावांत मधूनमधून जमीन हलते, त्यामुळे अधिकाऱ्यांना घंटेची गरज पटवून द्यावी लागली नाही. न सांगता वाजवण्याबद्दल त्यांनी थोडी कुरकुर केली. मग म्हणाले, "लातूरनं होकार दिला, तर आमचीही हरकत नाही. अनुभव त्यांचा मोठा आहे." म्हणजे सगळं लातूरवर आलं. माझ्या गावावर.

अहमदपूर

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. दुपारी लातूरची बैठक आटोपून संध्याकाळी परतीची गाडी धरायची असा बेत होता. लोहा मागं पडलं आणि दोन्ही बाजूंना तुरीची शेतं लागली. शेंगा भरून आलेल्या, पानं पिवळी पडायला लागलेली. मधेच ज्वारीचे हिरवे पट्टे, हरभरा, आणि जिथं काहीच नाही तिथं काळीभोर माती. दिल्लीत मातीचा रंग कुणी विचारत नाही. मला मात्र ही माती दिसली की अजून वाटतं, आता कुठं जमिनीवर आले.

गफूरभाईंनी बराच वेळ धीर धरला, शेवटी विचारलंच.

"मॅडम, राग मानू नका. पन तुमी करता काय नेमकं?"

"कंपनीच्या वतीनं सरकारशी बोलते."

"म्हंजे वकील?"

"नाही."

"मग एजंट?"

"तसंही नाही. कंपनीला काय पाहिजे ते सरकारला समजावून सांगायचं, आणि सरकार का अडवतंय ते कंपनीला समजावून सांगायचं."

गफूरभाईंनी थोडा विचार केला. "हाव, हाव. सोयरीक जुळवनारे म्हना की. दोन्हीकडचं गोड बोलायचं, आन लगीन बिघडलं की दोन्हीकडच्या शिव्या खायच्या."

कार्डावर हेच छापावं असं मनात आलं.

अहमदपूरच्या अलीकडं गाडीचं मागचं चाक बसलं. गफूरभाईंनी डिकीतलं जादा चाक काढलं, तर ते त्याहून बसलेलं. त्यांनी त्या चाकाला उर्दूत आणि मराठीत जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. एका टेम्पोवाल्यानं दोन्ही चाकं आणि आम्हा दोघांना अहमदपूरला नेऊन सोडलं. पंक्चरवाला जेवायला गेला होता. तो आला तर वीज गेली. मी लातूरच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या उपजिल्हाधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "घाई करू नका. उद्या सकाळी बसू." परतीची गाडी गेली, रागही आला, पण रागवावं असं समोर कुणी नव्हतं.

एसटी स्टँडवर जाऊन चहा घेतला. बाकावर एक आजी चाकूरच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या, मांडीवर हरभऱ्याच्या ढाळ्यांची जुडी. मी शेजारी बसले तशी त्यांनी जुडीतले चार ढाळे उपसून माझ्या हातात दिले.

"खा. सोलून खा. कोन गावची गं तू?"

"लातूरची."

"माहेर का सासर?"

"माहेर होतं."

"होतं म्हंजे?"

"आई-वडील गेले, घर विकलं. आता तिथं कुणी नाही."

आजींनी घाटा सोलून कोवळा दाणा तोंडात टाकला. "कुनी न्हाई म्हनून माहेर जातंय व्हय कुटं? त्याची काय बदली झालीय?"

त्यांची गाडी आली. चढताना त्यांनी मागं वळून सांगितलं, "लातूरला जातीस तर गल्लीत जाऊन ये गं बाई. पानी तरी पिऊन ये." मला एकाच गोष्टीचं नवल वाटलं. आता अख्खी संध्याकाळ मोकळी आहे, तर गल्लीत जावं, हे मला स्वतःला सुचलं नव्हतं. मी मनात हॉटेलचा दर्जा आणि इंटरनेटचा वेग यांचा हिशेब करत बसले होते.

लातूर

चाकूर ओलांडलं तोवर उन्हं कलली होती. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत, उन्हं उतरता उतरता लातूरला पोचलो. गंजगोलाई तशीच आहे, गोल आणि गजबजलेली. फक्त दुकानांच्या पाट्या आता दिवे लावून बोलतात. गफूरभाई म्हणाले, "तुमी जाऊन या आरामात. मी इथं मावसभावाकडं हाय."

आमची गल्ली लहान होती. एका टोकाला आमचं दोन मजली घर. बाबा शाळेत शिक्षक, म्हणून अख्खी गल्ली त्यांना गुरुजी म्हणायची. दुसऱ्या टोकाला रशीदचाचांचं घर आणि त्याला लागून त्यांचं गोदाम. चाचांचा मंडपाचा धंदा. लग्न, सभा, उरूस, गणपती, सगळीकडं त्यांच्याच कनाती लागायच्या. लाल-पिवळ्या, कडेला झालर. गोदामाचं दार उघडं असलं की आम्ही मुली गुंडाळलेल्या कनातींवरून घसरगुंडी खेळायचो आणि जुबेदाखाला, म्हणजे चाचांच्या बायको, झाडू घेऊन मागं लागायच्या.

मी दहा वर्षांची असताना भूकंप झाला. गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीकडची गावं गेली. शहरात आमची घरं उभी राहिली, पण भिंतींना भेगा पडल्या आणि छताखाली झोपायची कुणाची छाती होईना. उजाडायच्या आत चाचांनी गोदाम उघडलं. शाळेच्या मैदानात बांबू रोवले, कनाती बांधल्या, लग्नाचा शामियाना ताणला आणि सगळी गल्ली त्याखाली नेली. आम्ही कित्येक आठवडे तिथं राहिलो.

हे लिहिताना आजही थोडं चोरट्यासारखं वाटतं, पण ते दिवस माझ्या बालपणातले सगळ्यांत आनंदाचे होते. शाळेला सुटी. घरात फारसं न बोलणारे बाबा शामियान्यात सगळ्या पोरांना गोष्टी सांगायचे. बायकांनी एका रांगेत चुली मांडलेल्या, एकीच्या तव्यावरची भाकरी दुसरीच्या ताटात. खाला आमच्या आईकडून धपाटे शिकल्या, आणि आई त्यांच्याकडून मटणाचा खिचडा खायला. मधूनमधून जमीन हलायची. मग झालर थरथरायची आणि सगळी माणसं एकदम गप्प व्हायची. नंतर कुणीतरी खोकायचं आणि बोलणं पुन्हा सुरू.

त्याच दिवसांत बाबा आणि चाचा ट्रकमध्ये उरलेल्या कनाती भरून गावांकडं गेले होते. परत आले ते मोकळा ट्रक घेऊन. आम्ही विचारलं, "कनाती कुठायत?" चाचा ट्रक धुवायला लागले. त्या मेलेल्या माणसांवर पांघरायला लागल्या होत्या, हे मला खूप पुढं, मोठी झाल्यावर कळलं.

गल्लीत आमच्या घराच्या जागी आता तीन मजली इमारत आहे. खाली चष्म्यांचं दुकान. चाचांचं घर मात्र जागेवर होतं. दार खालांनीच उघडलं. केस पांढरेशुभ्र, पाठीला बाक. त्यांनी डोळे बारीक केले.

"कोन?"

"खाला, मी अंजू. गुरुजींची."

"या अल्ला!" त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "गुरुजी की अंजू? कित्ती सूख गई गे तू! दिल्ली में खाने कू नै देते क्या?"

मग कौतुक, चहा, बशीभर खाऱ्या शेंगा, आणि जेवून जायचा हुकूम. खालांचा मुलगा इम्रान दुकानावरून आला. भूकंपाच्या वेळी तो खालांच्या पोटात होता. आता धंदा तोच बघतो. मंडप कमी, रंगीत दिवे आणि गाद्यांच्या खुर्च्या जास्त. चाचा आतल्या खोलीत झोपून होते. खालांनी दाराकडं बघून हळू आवाजात सांगितलं, "अब किसी कू पैचानते नै, बेटा. मेरेकू बी नै. कधी बोलले तर बोलले. उठवून बसवावं लागतं, चलना तो बंदच हो गया."

मी आत जाऊन पाया पडले. ते छताकडं बघत होते. गल्लीतला सगळ्यांत मोठा आवाज होता त्यांचा. आता ओठ नुसते हलत होते.

बाहेर येऊन बसलो. इम्राननं विचारलं, कामाला आलीस ते काय काम. मी घंटेबद्दल सांगितलं. त्याला फार नवल वाटलं.

"फोनला कसं कळतंय पन? दीदी, आवाज तरी ऐकव."

"नको. मोठा असतो."

"एकदा. अम्मी बी ऐकू दे की."

खालाही म्हणाल्या, "सुना दे." मी फोन काढला. नमुन्याची घंटा त्यात होतीच, ती अधिकाऱ्यांना ऐकवायची असते. आवाज अगदी कमी करून बटण दाबलं. पण मुका केलेला फोनही वाजला पाहिजे, हीच तर या घंटेची खुबी. तो आवाज कमी झाला नाही. कर्कश भोंगा वाजला आणि पाठोपाठ बाईचा स्पष्ट आवाज आला, "भूकंप! भूकंप! सावध व्हा!"

मी घाईनं बंद केलं. खाला छातीवर हात धरून बसल्या होत्या. आणि आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

चाचा दारात उभे होते. चौकट धरून, अनवाणी, लुंगी सावरत. आणि आवाज तोच होता, जुना, गल्लीभर जाणारा, मंडपाच्या गड्यांना हाका मारणारा.

"ओ बाबू! ओ तुकाराम! उठो रे! गोदाम खोलो! बांबू काडा पहिले!"

इम्रान धरायला धावला, त्याला त्यांनी बाजूला सारलं. "औरतां कू, पोरांना पहिले भाईर काडा! गुरुजींला उठवा! त्यांच्या पोरी वर माडीवर झोपत्यात, कुनी तरी पळा रे माडीवर!"

त्या माडीवर झोपणाऱ्या पोरींतली एक त्यांच्यासमोर उभी होती. मी म्हटलं, "चाचा, मी—"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अनोळखी बाईकडं बघावं तसं. "ओ बाई, तुमी कोन? हितं काय करून राहिल्या? भाईर चला!" आणि माझं मनगट धरलं. उठवून बसवावं लागणाऱ्या माणसाच्या हातात एवढं बळ कुठून आलं माहीत नाही. त्यांनी मला ओढत अंगणात नेलं, आणि मी गेले. खालाही मागं आल्या. शेजारपाजारची माणसं भोंगा ऐकून आधीच बाहेर आली होती. चष्म्याच्या दुकानातला पोरगेला मालक रस्त्याच्या मधोमध उभा राहून विजेच्या तारांकडं बघत होता. एक बाई लेकराला छातीशी धरून विचारत होती, "काय झालं? काय झालं?" "काही नाही, फोनचा आवाज होता, माझ्या फोनचा," असं मी सगळ्यांना सांगत सुटले. लोकांना हसू यायला वेळ लागला.

चाचांना मात्र कुणाचं पटेना. "कनात कुटं हाय? लोक उघड्यावर हायत!" असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. इम्रान त्यांना आत न्यायला बघत होता, तेवढ्यात खाला म्हणाल्या, "अंदर नक्को ले जा. बांध दे एक कनात."

इम्राननं गोदामातून एक जुनी कनात काढली. लाल रंगाचा विटकरी झालेला, झालर उसवलेली. त्यानं, मी आणि चष्मेवाल्यानं मिळून ती फाटकापासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणली. चाचा जवळ उभे राहून बघत होते. एका ठिकाणची गाठ त्यांना आवडली नाही. ती त्यांनी स्वतः सोडली आणि पुन्हा मारली. बोटं अजिबात चुकली नाहीत. मग त्यांनी खाली वाकून बघितलं, सगळी माणसं आत आली का, आणि खुर्चीवर बसले. हळूहळू श्वास खाली आला. थोड्या वेळानं ते पुन्हा कुठंही नव्हते. लिंबाकडं बघत होते.

खाला माझ्याशेजारी येऊन बसल्या. रडत होत्या आणि हसतही होत्या. "किते दिनां के बाद खुद के पांव पे उठे देख." मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमची मशीन अच्छी है गे, अंजू. उस टैम अशी असती तर कित्ती जीव वाचले असते. पर बेटा, पहले बोल के बजाना."

धपाटे आणि खिचडा दोन्ही होतं जेवायला. धपाट्यांना आईच्या हाताची चव होती. मी आणखी एक मागून घेतला.

बैठकीची सकाळ

सकाळी वरिष्ठांना फोन केला. न सांगता चाचणी घ्यायची सूचना मी बैठकीत मांडणार नाही, असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"एका घरात झालेल्या गोष्टीवरून दोन जिल्ह्यांचं धोरण ठरत नाही," ते म्हणाले. "तू त्या गावची आहेस, म्हणून तुला असं वाटतंय."

"मी या गावची आहे म्हणून मला दिसलं. बाकीच्या घरांत काय होईल ते आपल्याला दिसणार नाही, एवढंच."

"आणि सरकार ऐनवेळी मागं हटलं तर?"

"तर मी सांभाळीन."

"सांभाळ. जबाबदारी तुझी."

माझ्या कामात बैठकीच्या टेबलावर स्वतःचं मत नसतं. कंपनीचं असतं, आपण फक्त ते गोड आवाजात मांडायचं. त्या सकाळी पहिल्यांदाच मी स्वतःचं मत घेऊन बसले होते. उपजिल्हाधिकारी बाई, पोलिसांकडचे एक, शिक्षण खात्याचे एक, दोन तहसीलदार. बाईंनी सरळच विचारलं, "न सांगता वाजवलं तर काय होईल?"

मी आकडे काढले नाहीत. संध्याकाळी काय झालं ते सांगितलं, माणसांची नावं न घेता. मग शिक्षण खात्याचे गृहस्थ टेबलाकडं बघत म्हणाले, "आमचं गाव औसा तालुक्यातलं. माझी आई अजून दाराला कडी लावून झोपत न्हाई."

त्यानंतर न सांगता वाजवायचा विषय पुन्हा निघालाच नाही. वाद झाला तो दिवसावरून. एका तहसीलदारांना वाटलं, येळवसेच्या दिवशी घ्यावी. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जातो, भज्जी-आंबील खातो. सगळे उघड्यावरच असणार, कुणाला पळायची गरज नाही. कल्पना मला फार आवडली. पण बाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी लोकांच्या जेवणात भूकंप घालू नका." तेही खरं होतं. शेवटी साधा कामाचा दिवस, भर दुपार, आणि आधी गावोगाव दवंडी, शाळा, एसटी स्टँड, मशिदी आणि मंदिरांचे भोंगे, असं ठरलं. नांदेडनंही तेच घेतलं.

पुढं चाचणी तशी झाली. इम्राननं फोन करून सांगितलं, गोलाईत सगळ्या दुकानांतले फोन एकदम वाजले. लोक सांगितल्याप्रमाणे मोकळ्यावर आले, काहींनी हसत फोटो काढले, काही म्हाताऱ्या माणसांनी पोरांचे हात घट्ट धरले. चाचांना खालांनी त्या दिवशी आधीच अंगणात आणून, हात धरून बसवलं होतं. कंपनीला हवी होती ती माहिती कमी मिळाली. महाराष्ट्राचं काम पुढच्या टप्प्याला माझ्याकडून काढून दुसऱ्याकडं दिलं. वरिष्ठांनी ते चांगल्या शब्दांत सांगितलं. मला वाईट वाटलं. पण त्या सकाळी वेगळं काही बोलायला हवं होतं, असं एकदाही वाटलं नाही.

निघताना

बैठक आटोपून गफूरभाईंना गल्लीत थांबायला सांगितलं. दुपारचं हिवाळी ऊन होतं. कनात तशीच टांगलेली. इम्राननं सकाळी सोडायला घेतली होती, पण चाचांनी त्याचा हात धरला, म्हणून राहू दिली होती. चाचा तिच्या सावलीत खुर्चीवर बसले होते, अंगावर शाल. खाला त्यांना चमच्यानं आंबील पाजत होत्या.

मी वाकून पाया पडले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. कनातीकडं पाहिलं, झालरीकडं पाहिलं आणि खालांना विचारलं, "लगीन कुनाचं हाय?"

खालांनी चमचा थांबवला. माझ्याकडं पाहिलं. माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, मुलगी कॉलेजात आहे, हे त्यांना काल सगळं सांगून झालं होतं. त्यांनी चमच्यानंच माझ्याकडं दाखवलं.

"हिचं. गुरुजींच्या अंजूचं."

चाचांनी मान वळवली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. मग शालीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. हात जड होता आणि शालीनं ऊबदार झालेला.

"गुरुजींला म्हनावं," ते म्हणाले, "मांडव आपला हाय. फिकर करू नका."

मी म्हटलं, "सांगते, चाचा."